शेंगदाण्याआधीचं भरीत

रात्री अडीचला सावद्यात
दोनच गोष्टी जाग्या असतात,
केळीचे ट्रक आणि माझा खांदा.

खांद्यावर ऋचा.
पाजलं की अर्धा तास उभी धरायची.
ढेकर येतो, त्याच्या मागून दूध,
आंबट, कोमट, माझ्या मानेवरून पाठीत.
कधी बाहेर येतच नाही,
घशापर्यंत चढून परत उतरतं,
तेव्हा ती धनुष्यासारखी ताणते
आणि माझ्याकडे अशी बघते
जशी मीच तिला ते दोनदा पाजलं.

गाल लाल, खवले धरलेले,
मानेची वळी, गुडघ्यामागची घडी ओलसर.
लोक बाळाचा मुका घेतात
नेमकं तिथंच.
हेमराजच्या जुन्या बनियनचे हातमोजे शिवलेत,
त्यातला एक नेहमी हरवलेला.
सकाळी चादरीवर तांबडे ठिपके.
मोजत नाही.
मोजते.

हेमराज वजनकाट्यावरून येतो,
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
उंबऱ्याबाहेर पाहुण्यासारखा थांबतो.
आंघोळ होईस्तोवर मुलगी त्याची नाही.
त्यानंच ही वही आणून दिली,
काट्यावरची, छापील रकान्यांची:
गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन.
भरलेल्यात मी लिहिते मी काय खाल्लं,
रिकाम्यात, तिनं काय टाकलं.
गाडी नंबरच्या जागी तारीख.

दूध सोडलं. दही, ताक, तूप सोडलं.
तूर्तास शेंगदाणेही, म्हणाले भुसावळचे डॉक्टर,
आणि म्हणाले, मलम घाबरून कमी लावू नका,
कमी लावलेलं जास्त दिवस लावावं लागतं.
पेरभर मलम. मग जाड थर व्हॅसलिनचा.
ती हातातून निसटते, सोललेल्या केळ्यासारखी,
आणि त्या एका क्षणी आम्ही दोघी हसतो.

तुपाविना बट्टी म्हणजे तापीतला गोटा.
तो मी वरणात बुडवून गिळते.
सासूबाई म्हणतात, “तुह्या दुधातच उष्णता आहे वं,”
वाईट हेतूनं नाही,
पदरानं तिचंच तोंड पुसता पुसता.
शेजारीण कडुनिंब आणते. कुणी काळा दोरा.
कुणी म्हणतं, म्हशीचं सुरू कर, सुटशील.
मी मान हलवते.
मान हलवणं एवढं एकच पथ्य
मला आधीपासून येत होतं.

डिसेंबरात मळ्यात भरिताची पार्टी.
पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी,
धूर, मिरच्या, कांद्याची पात,
दीडशे माणूस पंगतीला.
मी डबा आणलेला. दादरची भाकरी, कोरडं वरण.
बांधावर बसले, पाठ फिरवून,
वास येऊ नये म्हणून. वास आलाच.

बडगीत भरीत ठेचत होते डोंगरनाना,
हेमराजचे कोण लागतात, कधी नीट कळलं नाही.
पोरगा शेंगदाण्यांची परात घेऊन वाकला
तसा त्यांनी मुसळ आडवा धरला.
“थांब रे. पोरीच्या मायचं आधी काढू दे.”

कुणी सांगितलं होतं त्यांना?
केळीच्या पानावर वाफाळता गोळा,
फक्त वांगं, मिरची, मीठ.
पंगत थांबलेली. कुणी काही विचारलं नाही.
मी पहिला घास घेतला आणि मिरचीनं
डोळ्यात पाणी आलं.
मिरचीनंच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्या रात्री ऋचानं तरीही ओकलं,
दोन वाजता, पुन्हा पावणेचारला.
वहीत लिहिलं. भरलेलं वजन: भरीत.

काल तेल लावताना डाव्या गुडघ्यामागं
रुपयाएवढी जागा दिसली,
नुसती कातडी. कातडीच्या रंगाची.
बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.
वहीत त्याला रकाना नाही.
हेमराजलाही अजून सांगितलेलं नाही,
त्याची आंघोळ व्हायची आहे.